ढब्बू कुठे झोपला

३ मार्च
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.
व्यसनमुक्ती केंद्रातून घरी पोचलास आणि शेजारच्या शिंपीणबाईंकडून ढब्बूला परत आणलंस, हे वाचून बरं वाटलं. तू मला बोलण्यात गुंडाळतोस, हे मी पंधरा वर्षं बघते आहे. कुत्र्याला मात्र गुंडाळता येत नाही. तू पिऊन आलास की तो पलंगाखाली शिरायचा. तेव्हा प्रत्येक पत्राच्या शेवटी ढब्बू कुठे झोपला, तेवढं खरं लिही. चिमीला सुट्टीत तुझ्याकडे पाठवायचं की नाही, ते मी त्यावरूनच ठरवीन. तुझी लेक रोज विचारते.
माया आहेच, फक्त तिरकी बोलते.
तुझी ताई

१९ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.
हात अजून कापतात. सकाळी उठावंसं वाटत नाही, पण हे ध्यान तोंडात पट्टा धरून समोर उभं असतं, मग निघावंच लागतं. पहिले चार दिवस दारात बसून नुसता हुंगत होता. पाचव्या दिवशी माझ्या पावलावर हनुवटी टेकली. मी रडलो, हस खुशाल. फर्निचर पॉलिशचं काम पुन्हा धरलंय.
ढब्बू पायाशी झोपला.
तुझा धाकटा

७ एप्रिल
चि. धाकट्यास आशीर्वाद.
तुझं एका ओळीचं पत्र मिळालं: ढब्बू पलंगाखाली झोपला. कारण नाही, काही नाही. चिमीची पिशवी भरून ठेवली होती, ती मी रिकामी केली. तिला काय सांगू, ते तूच कळव.
ताई

१२ एप्रिल
ती. ताईस सा. न. वि. वि.
मी प्यालो नव्हतो. दिवसभर एका कपाटाला लाखेचं पॉलिश केलं. ते स्पिरिटमध्ये कालवतात, अंगाला तोच वास बसला. ढब्बूने लांबूनच हुंगलं आणि पलंगाखाली गेला. हाका मारल्या, बिस्किट दाखवलं, आला नाही. मला संताप आला. कुत्र्याच्याही लेखी मी दारुडाच, तर मग पिऊनच का घेऊ नये, म्हणून स्पिरिटची बाटली तोंडापर्यंत नेली. ढब्बू खालून बघत होता. भुंकला नाही, नुसता कापत होता. बाटली मोरीत ओतली.
कारण लिहिलं असतं, तर बाटलीचंही लिहावं लागलं असतं. खोटं ‘पायाशी’ लिहिलं असतं, तर तुला कळलंही नसतं. पण तेवढं एक खरं लिहायचं ठरलं होतं. आता मेणाचं पॉलिश करतो. चमक कमी येते, गिऱ्हाईक कुरकुरतं.
पिशवी रिकामी केलीस ते बरोबरच. या सुट्टीत चिमीला पाठवू नकोस. मी पिऊन आलो की ढब्बूबरोबर तीही पलंगाखाली शिरायची. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तिला सांग, बाबाला अजून थोडे दिवस लागतील.
लोभ जेवढा उरला असेल, तेवढा राहू दे.
तुझा धाकटा

ढब्बू आज बाहेर आला. खोलीच्या मधोमध झोपला, माझ्याकडे तोंड करून.