साक्षीतून गळालेल्या सुया

रविवार, ६ एप्रिल

आज प्रार्थनाघरात भांडण लागलं. उपदेश चालू असतानाच!

नवे पाळक सिद्धोधन बायबलातल्या याईराच्या पोरीवर बोलत होते. बारा वर्षांची पोर मेलेली, येशूनं हात धरला, ऊठ म्हणला, उठली. पाळक म्हणाले, हे नुसतं देहाचं मरण धरू नका, रूपक असेल. माणसाची आशा मरते, ती उठते. झालं! सिताराम पंच ताडकन उभे. मंडळीच्या पंचांत यांचाच आवाज मोठा, आणि कोट भर उन्हाळ्यात अंगावर. म्हणाले, लिहिलंय ते तसंच घडलं, तुम्ही चार बुकं शिकलात म्हणून वचनाला कात्री लावू नका.

मग माझ्याकडं बोट केलं. ही बायनाबाई बघा. क्षयानं रगत ओकत होती. दगडाबाईनं डोक्यावर हात ठेवला न उठून बसली. हेबी रूपकच का?

सगळी मंडळी वळून बघायली. मी पदर सारखा केला न मान हलवली. पंचेचाळीस वर्षं हलवतेय. सवयच झाली.

सोमवार, ७ एप्रिल

पाळक घरी आले. पोरगं वाळून गेलंय. रात्रभर झोपलं नसावं. चहा दिला. विचारतात, आजी, तुमचं काय मत?

मी म्हणलं, माझं शिक्षण किती, रात्रीच्या वर्गात बायबल वाचण्यापुरतं. पण तुमचं दोघांचंही वाचन अर्धं. पोर उठल्यावर येशू काय म्हणतो? हिला काहीतरी खायला द्या. हे कुणी वाचतच नाही! रूपकाला भूक लागत नसती. आणि नुसता चमत्कारच करायचा होता तर पोटही त्यानंच भरून दिलं असतं. आंधळ्याचंही तसंच. डोळ्याला चिखल लावला न म्हणला, जा, तळ्यावर जाऊन धू. चालायला त्यालाच लावलं.

पाळकांनी खिशातून कागद काढून लिहून घेतलं. लिहू दे. पुढच्या रविवारी माझंच मला ऐकवतील.

बुधवार, ९ एप्रिल

ऋतिका ताक न्यायला आली. शेजारच्या मनकर्णाची सून, चोविशीची, कडेवर दीड वर्षाचं लेकरू. जानेवारीत उसाच्या फडावरून खोकत परत आली. तपासलं तर टीबी. सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांच्या गोळ्या, फुकट. तीन महिने घेतल्या, जरा अंगावर मांस आलं, खोकला कमी झाला.

आज हसून सांगते, आजी, रविवारपासून गोळी बंद केली.

मी म्हणलं, डॉक्टरनं सांगितलं का? म्हणे न्हाई. सासूबाईनं तेल लावून प्रार्थना केली. म्हणे गोळी खायची म्हणजे देवावर भरवसा न्हाई. एका हातानं देवाला धरायचं न दुसऱ्या हातानं गोळी, हा कसला विश्वास!

मी लय बोलले. लेकराकडं बघ म्हणलं. अर्धवट सोडलेला टीबी दुप्पट होऊन येतो म्हणलं. ती ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली,

"तुमाला झालं न आजी. मग मला का न्हाई?"

माझी जीभ सगळ्या गल्लीला माहीत आहे. आज नुसतं ताक ओतून दिलं.

गुरुवार, १० एप्रिल

वहीच आहे. खरं लिहिते.

दगडाबाईनं डोक्यावर हात ठेवला, हे खरं. ती बायबलबाई होती, गावोगाव पायी फिरून वचन सांगायची. मी खोपीत पडलेली, सासूनं ताटवाटी वेगळी केलेली. तिनं प्रार्थना केली. पण दुसऱ्या दिवशी बैलगाडी घेऊन आली न मला मिशनच्या दवाखान्यात नेलं, हेही खरं. नव्वद सुया! कमरेला बसायला जागा राहिली नव्हती. नंतर अठरा महिने गोळ्या. सासू म्हणायची, किरिस्तावाच्या गोळ्यांनी बाटशील. मग दगडाबाई यायची न समोर उभी राहून गिळायला लावायची. मी तिला शिव्या द्यायची.

पहिल्यांदा मंडळीत साक्ष दिली, म्हणजे देवानं कसं तारलं ते उभं राहून सांगायचं, तेव्हा सगळं सांगितलं. सुयांसकट. बाया पेंगायला लागल्या. तेव्हाचे पाळक म्हणाले, बाई, वेळ कमी असतो, थोडक्यात सांगत जा. पुढच्या वर्षी गोळ्या गाळल्या. हालेलुया मोठं झालं. त्याच्या पुढच्या वर्षी सुया गाळल्या. मग राहिलं काय, हात ठेवला न उठले. लोक रडायचे. मलाही बरं वाटायचं, कशाला खोटं बोलू.

खोटं असं एकही वाक्य बोलले नाही मी. नुसतं गाळत गेले.

शनिवार, १२ एप्रिल

मनकर्णाकडं गेले. चुलीपाशी बसून सगळं सांगितलं, नव्वद सुया न अठरा महिने. तिचा विश्वासच बसेना. पाळकानं पढवून पाठवलं का, म्हणे. शिवाय त्या गोळ्यांनी लघवी तांबडी होती, औषध असं असतंय का!

मी म्हणलं, तशीच होते, नर्सनं सांगितलंय. ऐकेना. शेवटी तवा उतरवून माझ्याकडं बघितलं.

"मावशी, माझ्या चुलीपाशी कशाला सांगायल्या? इतकी वर्षं जिथं सांगितलं, तिथं सांगा."

ऋतिका दारात उभी होती. सगळं ऐकत होती. उठले न आले. बाई बोलली ते बरोबर बोलली, याचाच राग आला.

सोमवार, १४ एप्रिल

गावभर निळे झेंडे. जयंती. दवाखाना बंद. भिंतीपलीकडं खोकला परत सुरू झालाय.

गुरुवार, १७ एप्रिल

सिताराम पंच आले. पुनरुत्थानाच्या सणाला साक्ष तुमचीच, म्हणे. तीच, थोडक्यात. पाळकाला सगळ्यांसमोर उत्तर मिळालं पाहिजे.

देते म्हणलं. खूश होऊन दोन कप चहा पिऊन गेले.

म्हातारपणी इज्जतीशिवाय काय असतं माणसाकडं? सणाला पुढची खुर्ची मिळते मला. लग्नात नवरानवरी आधी माझ्या पाया पडायला येतात. एक साक्ष, त्यावर सगळं उभं आहे. दोन दिवस झाले, जेवण जात नाही.

रविवार, २० एप्रिल

दिली.

उभी राहिले न म्हणलं, आज थोडक्यात सांगणार नाही. मग बैलगाडीपासून सुरू केलं. सुया म्हणलं तशी मंडळी एकमेकांकडं बघायली. गोळ्या म्हणलं तसं सिताराम पंचांनी गाणं सुरू करायला तोंड उघडलं. मी म्हणलं, पंच, बसा, अजून आठ महिन्यांच्या गोळ्या राहिल्यात. मागं कुणीतरी हसलं.

पाळकांच्या तोंडावर उजेड यायला लागला तर त्यांनाही सोडलं नाही. म्हणलं, पाळक, तुम्हीही रूपक म्हणू नका. मी खरीच मरत होते. माझ्या सासूनं लाकडंही बघून ठेवली होती.

मागच्या बाया विचारायल्या, मग बरं कुणी केलं? देवानं का दवाखान्यानं?

"मला न्हाई निवडता येत," म्हणलं. "ज्या खोपीत माझी आई यायची न्हाई, तिथं परकी बाई अठरा महिने आली. ती देवाशिवाय आली असं मला म्हणवत न्हाई. न सुया नव्हत्या असंबी म्हणवत न्हाई. इतकी वर्षं मी निम्मंच सांगितलं. निम्मं ऐकून कुणी गोळ्या सोडल्या असतील, तर ते पाप माझं."

हालेलुया कुणी म्हणलं नाही. मनकर्णानं ऋतिकाचं मनगट धरलं न शेवटच्या प्रार्थनेआधीच ओढत घेऊन गेली.

घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या.

सोमवार, २१ एप्रिल

सिताराम पंच मला बघून बोळात शिरले. कोटासकट.

बुधवार, २३ एप्रिल

सकाळी ऋतिका आली! नवऱ्याला घेऊन काल बोरीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आली. नर्स रागावली, मग बेडका परत तपासायला घेतला, गोळ्या परत चालू केल्या. आता एकही दिवस चुकवायचा नाही, कुणाच्या तरी समोर घ्यायच्या. सासूच्या समोर जमणार नाही, म्हणून रोज माझ्यासमोर.

गिळल्यावर तोंड उघडून दाखव म्हणलं. लाजली, पण दाखवलं. मग म्हणते, आजी, प्रार्थनाबी करा. केली. लांब नाही केली, तिला रानात जायचं होतं.

शनिवार, २६ एप्रिल

मनकर्णा आली. मागच्या दारानं. वाटलं, आता भांडते. उंबऱ्यातच बसली न पदरात गुंडाळलेलं फडकं उलगडून दाखवलं. रगताचे डाग. संक्रांतीपासून खोकल्यातून पडायलंय म्हणे, घरात कुणाला बोलली नाही. सुनेला देव बरं करतो का, तेच बघत होती. मग आपलंही बरं होईल.

"तपासायला कुठं जावं लागतंय, मावशी?"

चपला घाल म्हणलं. साडेनऊची एसटी आहे. मीही येते.