रो-हाऊस क्रमांक चौदाच्या छतावरचा झेंडा

मी, खुशाल श्रावण टेंभुर्णे, वय बहात्तर, धर्म बौद्ध, धंदा रेल्वेची पेन्शन खाणे, राहणार रो-हाऊस क्रमांक चौदा, वैनविहार गृहनिर्माण सहकारी संस्था, गोंदिया, हे माझे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. आत रक्ताची गाठ झाली आहे, पण ती विचार करायच्या जागी नाही, असे डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. येत्या गुरुवारी नागपूरला ते माझी कवटी उघडणार आहेत. परत आलो तर हा कागद मी स्वतः फाडीन. नाही आलो तर यातला शब्दन् शब्द पाळावा. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला जे जे आले होते, ते पुढे नावानिशी येतील.

माझ्या उजव्या हाताची बोटे टिंकू बिसेनने मोडली. म्हणून मी सांगतो आहे आणि माझा मुलगा लोकेश लिहितो आहे. सांगितले तेच लिहायचे, स्वतःच्या पदरचे घालायचे नाही आणि झोंबले म्हणून गाळायचे नाही, हे बसण्याआधीच ठरले आहे.

कलम १. घर. हे घर माझ्या स्वकष्टार्जित पैशातून घेतलेले आहे. जन्मभर दरेकसाच्या जंगलात रूळ ढिले पडू नयेत म्हणून त्यांच्या लोखंडी चाव्या ठोकल्या, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहिलो आणि निवृत्त झाल्यावर हे घेतले. माझी पत्नी कुसुमबाई हिने गृहप्रवेशाला पहिली वस्तू आत नेली नाही, वर नेली. स्वतः शिवलेला पंचशील ध्वज घेऊन ती शिडीने छतावर चढली. मी खालून ओरडलो की पडशील. ती म्हणाली, "क्वार्टरवर लावला तं सायब काढे, किरायाच्या घरी लावला तं मालक काढे. आता आपल्या घरचा कोन काढते, पाहू दे मले." त्यानंतर दर विजयादशमीला ती नवा झेंडा शिवायची आणि आम्ही दोघे मिळून बदलायचो. ती गेल्यावर मी एकटा चढत होतो.

कुसुम गेल्यानंतर दोन वर्षांनी संस्थेने ठराव आणला की घरांवर झेंडे नकोत. राष्ट्रध्वजाला सूट, बाकी सगळे उतरवा. अध्यक्ष चुन्नीलाल बिसेन, तांदळाच्या मिलचे मालक. सभेत ते म्हणाले की झेंड्यांनी कॉलनीचा शो जातो, घराला भाव येत नाही. मी उभा राहून विचारले की तुमच्या पोराच्या, टिंकूच्या, जिमचा फलक तुमच्या गच्चीवर फडफडतो, त्याने शो येतो काय? ते म्हणाले, "वो झेंडा नहीं है, बोर्ड है." सभा हसली. मी पुढे गेलो आणि त्यांच्या तोंडात ठेवून दिली. त्यांची कवळी उडून चहाच्या ट्रेमध्ये पडली. मग खुर्च्या उडाल्या. माझ्या पाठीवर एक मोडली, मी एक दुसऱ्याच्या पाठीवर मोडली. एवढ्या गोंधळात ठराव मात्र मंजूर झाला, इतिवृत्तात एकमताने लिहिला गेला. माझ्या शेजारच्या निर्मलाबाई कटरे यांच्या दारावरचा हनुमानाचा झेंडा दुसऱ्याच दिवशी वॉचमनने काढून नेला. म्हातारी दारात बसून दिवसभर शिव्या घालत होती. माझ्या छताकडे यायची तेव्हा कोणाची हिंमत झाली नाही.

हे घर कोणाला, ते कलम ५ मध्ये सांगतो. आधी सांगितले तर लिहिणाऱ्याचा हात आत्ताच थांबेल.

कलम २. हत्यारे. माझा चाबीचा हातोडा, लांब दांड्याचा पाना आणि हातबत्ती ही मुलगी रंजिता हिला द्यावी. ती सडक अर्जुनीला असते, हायवेला तिचा ढाबा आहे, ट्रकवाल्यांशी तिचे रोजचे वाजते. तिला हातोडा शोभेल. लाल झेंडा मात्र देता येत नाही, कारण तो पोलिसांकडे मुद्देमालात जमा आहे. तो कसा जमा झाला ते लिहवतो.

गेल्या विजयादशमीच्या सकाळी मी नवा झेंडा घेऊन छतावर निघालो होतो. तेवढ्यात टिंकू आणि त्याच्या जिमची पोरे ट्रॅक्टर घेऊन आली. ट्रॉलीत दोर आणि सळया होत्या. माझ्या छतावरच्या झेंड्याच्या लोखंडी पाइपाला दोर बांधून तो उपटायचा असा बेत होता. ट्रॅक्टर वळून माझ्या फाटकाकडे येताना दिसला आणि माझे डोके चाललेच नाही, हात चालला. दाराच्या मागे खुंटीला माझा जुना लाल झेंडा होता. तो उचलला आणि रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात आडवे करून, ताणून उभा राहिलो. रूळ तडकला की असेच उभे राहायचे असते. जन्मभर तेच केले. दरेकसाच्या घाटात मालगाडी माझ्यासमोर करकरत थांबलेली आहे. लाल झेंड्यापुढे इंजिन थांबते, मग ट्रॅक्टर काय चीज आहे, असे मला वाटले.

ट्रॅक्टरवाला थांबला, हे खरे. त्याने ब्रेक मारला. पण टिंकू ट्रॉलीतून ओरडला, "अबे लाल झंडा! ये दरेकसा वाला नक्सली है! मारो साले को!"

मी ओरडलो, "अरे, रेल्वेचा आहे! रेल्वेचा आहे!" पण त्या पोरांचे चेहरे एका क्षणात बदलले. आधी ती मस्तीत आली होती, आता ती घाबरली होती, आणि घाबरलेली माणसे फार जोरात मारतात. मी मानतो की टिंकूला खरेच तसे वाटले असेल. दरेकसाकडचा माणूस आणि हातात लाल कापड, एवढे आपल्या जिल्ह्यात पुरते. मी जंक्शनच्या गावात राहतो, तिथे तरी लाल झेंडा कळेल असे धरले, ही माझी चूक झाली. पहिली सळई डाव्या डोळ्यावर बसली. दुसरी उजव्या हातावर, कारण मी झेंडा सोडत नव्हतो. तिसरी डोक्यात. मी पडलो तो फाटकाच्या आत पडलो आणि पाइप ठोकायला काढून ठेवलेला हातोडा हाताला लागला. डाव्या हाताने फिरवला. टिंकूच्या गुडघ्याचा आवाज मला अजून ऐकू येतो आणि बरे वाटते. रक्ताने तोंड भरले होते तरी मी हसलो, असे निर्मलाबाई सांगतात. पोलिसांनी पंचनाम्यात "संशयास्पद लाल झेंडा, नग एक" असे लिहिले आणि दवाखान्यात माझ्या खाटेशी दोन शिपाई बसवले. रेल्वेच्या सेवापुस्तकाची नक्कल रंजिताने त्यांच्या टेबलावर आपटली, तेव्हा ते उठले.

कलम ३. बिसेन कुटुंब. टिंकू बिसेनला मी काही देत नाही. माझा डावा डोळा त्याने आधीच घेतला आहे. चुन्नीलाल बिसेन यांनी माझे घर विकत घेण्याची तीनदा विचारणा केली आहे, शेवटची माझ्या आयसीयूच्या दारात. त्यांना किंवा त्यांच्या माणसाला हे घर कोणत्याही भावाने विकले जाऊ नये. माझ्या प्रेताला ते हार घालायला आले तर हार घ्यावा आणि म्हशीला खायला घालावा.

कलम ४. बचत. पोस्टातील आणि बँकेतील सर्व ठेवी नात पिंकी लोकेश टेंभुर्णे हिच्या शिक्षणासाठी. ती सज्ञान होईपर्यंत रंजिताने सांभाळाव्यात. मी दवाखान्यात असताना आमच्या खिडकीतून दगड आला आणि अभ्यासाला बसलेल्या पिंकीच्या कपाळावर लागला. पोरीला टाके पडले. कोणी मारला, ते कोणी सांगत नाही. माझ्या हाताला धड बोटे असती तर मी घरोघरी जाऊन विचारले असते, आणि विचारण्याची माझी पद्धत कॉलनीला माहीत आहे.

कलम ५. लोकेश. हे लिहिताना लोकेशने पेन खाली ठेवले. मी म्हटले, "काऊन थांबला? लिही."

तो म्हणाला, "बाबा, हे वकिलाकडून लिहवून घ्या ना. माह्या हातानं कायले?"

"तुह्याच हातानं. कापलं तवा कोनाचा हात होता?"

दगड आला त्याच दुपारी लोकेशने ग्राइंडर आणला, छतावर चढला आणि आपल्या आईने उभा केलेला पाइप बुंध्यापासून कापला. झेंडा घडी करून खाली आणला. फाटकाशी उभे राहून चुन्नीलाल म्हणाले, "शाबास, समझदार लड़का है." मी शुद्धीत नव्हतो. आणि दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या ठरावाविरुद्ध केलेल्या आमच्या अर्जावर सहकार न्यायालयाचा तात्पुरता आदेश आला: निकाल लागेपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी. आदल्या दिवशी आला असता तर झेंडा वर राहिला असता आणि त्याला हात लावणारा गुन्हेगार ठरला असता. आता पाइप नाही, तर तो नसणे हेच जैसे थे आहे. आम्ही उभा केला तर आम्ही गुन्हेगार. टिंकूच्या सळयांना जे जमले नाही ते माझ्या पोराने एका दुपारी करून दिले.

लोकेशचे म्हणणे असे की पिंकीच्या कपाळातून रक्त थांबत नव्हते, पुढचा दगड डोळ्यावर आला असता. त्याने हे सांगितले म्हणून लिहवतो, मृत्युपत्रात खोटेपणा नको. मी त्याला उत्तर दिले की दगड मारणाऱ्याच्या घरी जायचे सोडून तू छतावर गेलास. त्यावर तो रडतो आहे. कागदावर पाणी पडले तर ते माझे समजू नये.

म्हणून: रो-हाऊस क्रमांक चौदा, संस्थेचे भाग व सभासदत्वासह, मुलगी रंजिता हिला. लोकेशला घरात हिस्सा नाही. सून आणि पिंकी यांना मात्र त्या घरातून कोणी काढू नये, आणि त्यांच्यासोबत राहायचे असेल तर लोकेशने बहिणीच्या घरात राहावे. त्याला मी ग्राइंडर देतो.

कलम ६. खटला. सहकार न्यायालयातील दावा रंजिताने पुढे चालवावा. निर्मलाबाई त्यात आमच्या बाजूने साक्ष देणार आहेत. दावा जिंकल्यास त्यांच्या दारावर हनुमानाचा झेंडा आधी लागावा, मग आमच्या छतावर आमचा. त्यांचा आधी काढला होता. तडजोड करू नये. चुन्नीलाल चहाला बोलावतील, जाऊ नये.

कलम ७. माझा देह. नागपूरहून मला दवाखान्याच्या गाडीत थेट मोक्षधामाला नेऊ नये. घरी आणावे, अंगणात खाटेवर ठेवावे. बौद्धाचार्यांनी त्रिसरण पंचशील म्हणावे. रडणाऱ्यांनी रडावे, पण फाटक उघडे ठेवावे, सगळ्या कॉलनीला दिसले पाहिजे. माझ्या उशाशी झेंडा हवा, आणि तो छतापेक्षा उंच दिसेल एवढा लांब बांबू हवा.

ठराव मी वकिलांकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला आहे. छतावर, भिंतीवर, कुंपणावर वा अंगणात झेंडा उभारणे, रोवणे, बांधणे किंवा टेकवणे यांस मनाई आहे. माणसाने हातात धरण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही, आणि न्यायालयाच्या आदेशातही नाही. म्हणून बांबू मातीत रोवू नये. खाटेला बांधू नये. भिंतीला लावू नये. टेकला की त्यांना निमित्त मिळाले. बांबू लोकेशने दोन्ही हातांनी धरून उभे राहावे, मला उचलेपर्यंत. हात भरून आले तरी रंजिताने घेऊ नये, दुसऱ्या कोणी घेऊ नये.

आत्ता लिहिता लिहिता त्याने विचारले, "अन् टिंकू आला तं?"

टिंकू येईल. गुडघा ओढत येईल, पण येईल, आणि एकटा येणार नाही. म्हणून उत्तरही इथेच लिहवून ठेवतो: "मार खाय. उलटा मारू नको, तुहे दोन्ही हात बांबूवर राहतीन. डोकं फुटलं तं फुटू दे, माह्यं फुटलंच आहे. पन बांबू सोडू नको."

लोकेशने हे उत्तर एकेक शब्द पुन्हा विचारून घेत लिहिले. मी घाई केली नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे, म्हणून दोन साक्षीदारांसमक्ष डाव्या हाताचा अंगठा करत आहे. उजव्याचा कोणी मागू नये.

ठिकाण: गोंदिया
दिनांक: ६ जानेवारी २०२५

खुशाल श्रावण टेंभुर्णे (डाव्या अंगठ्याची निशाणी)

साक्षीदार:

१. निर्मलाबाई कटरे, रो-हाऊस क्रमांक पंधरा. माझ्यासमोर अंगठा केला. माणूस शुद्धीवर आहे, तोंड नेहमीसारखेच आहे.

२. हेमेंद्र रहांगडाले, निवृत्त स्टेशन मास्तर. माझ्यासमोर अंगठा केला.

लिहिणार: लोकेश खुशाल टेंभुर्णे. वडिलांनी सांगितले तसे लिहिले, काही गाळले नाही. कलम ५ कबूल आहे. कलम ७ प्रमाणे धरीन.