चांदणी आणि लाल बटणं

प्रिय ठमे,

फोन केलास की तुझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, चांदणी आहे ना अजून? होती बाई, परवापर्यंत होती. दुकानातली जुनी बटणं मी विकतो त्या लिलावाच्या साइटवर माझ्या नावापुढे सोनेरी चांदणी आणि खाली ‘अव्वल विक्रेता’. जन्मात कुणी शिंप्याला अव्वल म्हटलं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला मी छाती फुगवून फिरत होतो. कुठे फिरत होतो ते विचारू नकोस. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत.

शेजारचा फोटोवाला जुने कॅमेरे विकायला काढणार आहे. चांदणीच्या मागे लागण्यात अर्थ आहे का, असं तो विचारायला आला. मी त्याला फायदे सांगितले. आपला माल आधी दिसतो, साइट कमिशन जरा कमी कापते, गिऱ्हाईक डोळे झाकून विश्वास ठेवतं. मग दुसरी बाजू सांगितली. पार्सल दुसऱ्या दिवशी निघालंच पाहिजे, निरोपाला लगेच उत्तर गेलं पाहिजे, महिन्याची विक्री भरली पाहिजे आणि लागलेली बोली आपण रद्द केली की चांदणी गेलीच. दुकानाला कुलूप लावून सुटलो म्हणत होतो, तर दुकान घरात येऊन बसलं. उन्हाळ्यात तुझ्याकडे यायचं ठरलं होतं, तेही मी पार्सलांपायी मोडलं. तूही फारसा आग्रह केला नाहीस.

फोटोवाल्याला जे सांगितलं नाही ते तुला सांगतो. मला चांदणी हवी होती ती निरोपांसाठी. बटणं घेणारी माणसं भारी चौकस. शिंपल्याची आहेत की हाडाची, कुठल्या कोटाची, कुणी शिवला होता. दिवसभर कुणी ना कुणी विचारत असतं. तुझी वहिनी गेल्यापासून या घरात दूध तापवलंत का एवढंसुद्धा विचारणारं कुणी नाही.

त्यात ‘हौशी’ या नावाचं एक गिऱ्हाईक होतं. महिना संपत आला आणि विक्री कमी पडली की ते हटकून बोली लावायचं, तीही वेड्यासारखी चढवून. पत्ता तुझ्याच शहरातल्या कुठल्याशा ऑफिसचा, पण शहर मोठं, मला काय कळणार? एकदा उत्तराला उशीर झाला म्हणून खोकल्याचं कळवलं, तर रोज विचारपूस सुरू झाली. मग मीही लिहीत सुटलो. गुडघा दुखतो, एकट्यापुरतं शिजवायचा कंटाळा येतो, सगळं. तुझ्याबद्दलही लिहिलं, की धाकटी बहीण मोठ्या कामावर आहे, तिला वेळ नसतो. त्यावर मात्र उत्तर आलं नाही.

रविवारी तुझ्या लेकीने फोन हातात धरून मला सगळं घर दाखवलं. तुझ्या कपाटावर खोकी रचलेली दिसली. माझ्या पार्सलांसारखी कापडाच्या निळ्या काठांनी बांधलेली, वर माझी गाठ. ती गाठ मी झोपेतही ओळखेन. एकही सुटलेली नव्हती.

फोन ठेवला तेव्हा हौशी कोण ते कळलं होतं. आधी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? माझी बटणं तू उघडूनसुद्धा पाहिली नाहीस. मग मला रडू आलं. दादाची चांदणी टिकावी म्हणून एवढा उपद्व्याप केलास, वेडे. पण माझा खोकला विचारायला तुला परक्याचं नाव का घ्यावं लागलं? आणि मलाही गुडघ्याचं सांगायला परकंच माणूस मिळालं. फोनवर आपण दोघं चांदणीचं बोलत राहिलो.

म्हणून हे पत्र. परवा मी हौशीची लाल बटणांवरची बोली रद्द केली आणि चांदणी गेली. ती लाल बटणं तुझ्या शाळेच्या कोटाची आहेत, तू लगेच ओळखली असशील. ती पार्सलने येणार नाहीत, मी घेऊन येणार आहे. आता मला कुणाला उत्तर द्यायची घाई नाही. कधी येऊ ते फोन करून सांग, आणि आधी खोकल्याचं विचार. अजून गेलेला नाही.

तुझाच, बिनचांदणीचा
दादा