काखेतली शिवण

बुधवार, ११ मार्च
दुकान उघडण्याआधी

प्रिय बुटके,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता, नवा बसवला. तुझ्या भाऊजींचा गुडघा बरा आहे.

रेडिएशनच्या आता सहाच फेऱ्या राहिल्या ना? तुझ्या थोरल्या जाऊबाईंनी फोनवर सांगितलं. हल्ली तुझ्या दुखण्याचं खरं काय ते मला त्यांच्याकडूनच कळतं. कोमट पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, नुसतं टिपायचं, मग मलम. लहानपणी तुला आंघोळ मी घालायचे गं. आता तुझ्या छातीला मलम त्या लावतात आणि मी इथे बसून ऐकते. कॅन्सर तुला झाला नि हेवा मी करते. लाज वाटते, पण वाटतो.

त्यांनी तुझ्यासाठी हाताने शिवलेलं ते झबलं फोटोत पाहून मी हसले होते. ढगळ, एक खांदा वर, एक खाली, शिवण बाहेरून. पंचवीस वर्षं कपडे शिवणाऱ्या बाईच्या बहिणीने ते ध्यान घालावं? म्हणून मी बंडी शिवून पाठवली. वर रोज फोन करून विचारलं, "आज कोणाचं घातलंयस?"

तू रोज म्हणालीस, "तुझंच, ताई." मी खूश.

काल जाऊबाईंनी सांगितलं, काखेत कातडी सोलली आहे, बरोबर बंडीच्या शिवणीखाली. नर्सने ढगळच घाला म्हणून बजावलं होतं, तरी ताईचं मन मोडायला नको म्हणून तू ती घालत राहिलीस. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्याचाही राग आला.

आता खरं सांगते. तुला सूज आहे, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. पण नवं माप मागायचं तर त्यांच्याकडेच मागावं लागलं असतं. ते माझ्याने झालं नाही. वहीतल्या जुन्या मापावर कापलं. घट्ट होणार, हे कापतानाच कळत होतं.

ती बंडी आजच काढ. जाऊबाईंचं झबलं घाल, आणि मी विचारलं तर तसंच सांग. मला वाईट वाटेल. वाटू दे.

सोबत दोन मीटर मऊ सुती कापड पाठवते आहे. जाऊबाईंना दे. शिवू दे त्यांनाच.

कात्री न लावता कापडाची घडी घालणारी,
तुझी ताई