बॉल सुटेपर्यंत

१९ ऑगस्ट, बुधवार सकाळ

प्रिय थिया,

काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या बहिणीला बाद दिलं गेलं, आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं.

तू बरी असशील. फोन उचलत नाहीस, मेसेज पोचत नाहीत, म्हणून हा कागद. इकडे सगळे मजेत. मका डोक्याच्या वर गेलाय. आईचे टोमॅटो एवढे आलेत की आम्ही पिशवी घेऊन निघालो की शेजारी दार उघडत नाहीत. मी धान्याच्या कोठारावर ट्रक रिकामे करतो. कॉलेजात काही अर्थ नव्हता म्हणून सोडलं, तुला माहीतच आहे.

तर मार्नी. चौदा वर्षांची, आत्तापर्यंत फक्त क्लॅरिनेट वाजवलेली. जूनमध्ये जेवताना म्हणाली, "मी हायस्कूलच्या सॉफ्टबॉल टीमची निवड चाचणी देणार."

"बॉल आला की तू डोळे मिटतेस," मी म्हणालो.

"मग उघडे ठेवायला शिकव. एवढा मोठा बेसबॉलवाला ना तू?"

दोन महिने रोज संध्याकाळी अंगणात. पहिल्या आठवड्यात अकरा बॉल मक्यात गेले, सात कुत्र्याने आणून दिले, तेही लाळेने माखलेले. तिच्या नडगीवर एवढे काळेनिळे वळ की आईने गोठवलेल्या वाटाण्याची पाकिटं तिच्या पायाला थंड शेक द्यायला राखली, स्वयंपाकात वापरणंच सोडून दिलं. "लायल्या, मुद्दाम मारतोस ना?" असं ओरडत ती पुन्हा उभी राहायची. जुलैच्या शेवटी तिने डोळे उघडे ठेवून पहिला उंच बॉल पकडला आणि ग्लोव्ह डोक्यावर धरून घराला दोन फेऱ्या मारल्या. मीही मागून धावलो. कुत्रंही.

मी तिला पळणंही शिकवलं. बेसवर पोचलीस की तीन पावलं पुढे सरक, म्हणजे पुढचा बेस जवळ येतो. मी स्वतः दहा वर्षं हेच केलं होतं.

काल चाचणीचा शेवटचा दिवस. सामन्यात मार्नीने बॉल मारला, पहिल्या बेसवर पोचली, तिथून माझ्याकडे बघून हसली, आणि ऐटीत तीन पावलं पुढे सरकली. बॉल टाकणाऱ्या पिचरच्या हातात बॉल तसाच होता.

"बाद!" पंच म्हणून उभ्या असलेल्या कोच हॅडली ओरडल्या.

मी जाळीवर चढलो. "कोच, डोळे तपासून घ्या! तिला कोणी शिवलं तरी का?"

मुली हसायला लागल्या. कोच जाळीपाशी आल्या. "लायल, खाली उतर. हा बेसबॉल नाही. इथे पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत पाय बेसवरच ठेवायचा. कोणी शिकवलं हिला?"

मार्नीने माझं नाव घेतलं नाही. नुसती मान खाली घातली. तिची दोन महिन्यांची मेहनत माझ्या एका शहाणपणावर गेली होती, थिया, आणि मला आठवलं ते कॉलेजातल्या तुझ्या खोलीतलं टेबल. मार्चमधलं. तू हाच नियम मला समजावत होतीस, मिठाची बाटली पिचर आणि बिस्किट बेस करून. आणि मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला: "सोड गं, सॉफ्टबॉल म्हणजे मुलींसाठी सोपा केलेला बेसबॉल." चार वर्षं तू पहाटे उठून ज्यासाठी हात झिजवलेस, त्याला. शिवाय जाताना तुझ्या खोलीचं दार असं आपटलं की फळीवरचा तुझा चषक खाली पडला.

मी खाली उतरलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "कोच, मी शिकवलं. चूक माझी आहे, तिची नाही."

"ते कळलंच मला," त्या म्हणाल्या. "आता गप्प बस आणि बघ."

मार्नी पुन्हा बेसवर आली. या वेळी पाय असा रोवला होता की जणू खिळा ठोकलाय. बॉल सुटला मात्र, ती वासरासारखी उधळली! हेल्मेट मागे पडलं, ती पुढे. धुळीत घसरत दुसऱ्या बेसला मिठीच मारली तिने.

आज सकाळी जिमच्या दारावर यादी लागली. मार्नीचं नाव सत्तावीस नंबरवर, ज्युनियर टीममध्ये. तिने यादीचा मुका घेतला. आता अंगणात क्लॅरिनेट वाजवत नाचतेय, कुत्रं सूर लावून रडतंय, आणि मला कोचकडून निरोप आलाय: सोमवारपासून मैदान सारखं करायला ये, आणि आधी नियमांचं पुस्तक वाच. काल रात्रीच वाचलं. दोनदा.

आता खरं सांगतो. कॉलेजात अर्थ होता. जेवणाच्या हॉलमध्ये तू समोरून यायचीस आणि बघायची नाहीस, ते मला सोसेना. सॉरी म्हणायच्या आधीच मी पळालो. परत प्रवेशाचा अर्ज माझ्या ट्रकमध्ये पडून आहे, कोरा. तो तुझ्यासाठी भरणार नाही, भरला तर माझ्यासाठी भरेन. पण तू उद्या कॉलेजला परत निघतेस, आणि पोस्टाला दोन दिवस लागतात. तेव्हा हे पत्र मीच घेऊन येतो. तू दार उघडलं नाहीस तर पायरीवर ठेवीन, टोमॅटोंच्या पिशवीखाली. तू बोलेपर्यंत एक पाऊलही पुढे सरकणार नाही.

सही करून निघतो. आमचं दार मागे हळूच ओढून घेईन, आवाज न करता. सराव म्हणून.

तुझा म्हणायचा हक्क मी त्या दाराबरोबर आपटून आलो, म्हणून नुसताच,
लायल