इंगेलिसेसाठी चाळीस लिटर

४ मार्च, सोमवार
संकल्प: चौदा मेच्या आत स्पीकर पुरा करायचा. चौदा मेला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. इंगेलिसे जानेवारीपासून व्हिबोर्ग शहरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतेय. कारण, माझ्या सुतारकामाचा भुसा. तसं ती कधी बोलली नाही, पण मी बायकोला ओळखतो. स्पीकर पुरा झाला की भुसा संपला. भुसा संपला की ती परत.

किराणा दुकानाच्या गल्ल्यावर तिच्या चर्चच्या गायकवृंदाची सीडी मिळाली, गेल्या डिसेंबरच्या कार्यक्रमाची. मला जाता आलं नव्हतं, एका पेटीचा डिंक ओला होता. आता अशी पेटी बांधणार की तीस जणांत तिचा आवाज वेगळा ऐकू येईल.

७ मार्च
डिझाइन तयार. पेटी चाळीस लिटरची. पुढच्या फळीला भोक, भोकात सात सेंटीमीटर रुंद आणि तेवीस लांब नळी. हाच पोर्ट. आतली हवा नळीतून ये-जा करते आणि खर्ज भरदार होतो. सगळी मेख नळीच्या लांबीत. लांबी आणि पेटी जुळली नाही तर आवाज घुमतो. माझा घुमणार नाही.

१६ मार्च
फळ्या कापल्या, डिंक लावून पेटी कायमची बंद केली. स्क्रू नाहीत. स्क्रू भित्रे लोक लावतात.

१८ मार्च
सीडी लावली. गायकवृंद पिंपात बसून गातोय. सीडी खराब असणार.

१९ मार्च
शेजारचा बेन्ट-ओव्हे येऊन गेला. तीस वर्षं स्पीकरच्या कारखान्यात होता, त्यामुळे आपल्याला यातलं कळतं असा त्याचा समज आहे. पेटीला मोजायची टेप लावली आणि म्हणाला, "टोर्किल, शहाण्या, हवा पेटीच्या आत असते की बाहेर?" मी मापं बाहेरून घेतली होती. फळी बावीस मिलीमीटर जाड. आतून जेमतेम सव्वीस लिटर भरले. बाकीचे चौदा कुठं गेले विचारलं, तर म्हणे लाकडात! शिवाय नळीचं टोक पेटीच्या मागच्या फळीपासून तीन सेंटीमीटरवर आलंय. तिला श्वास घ्यायला निदान तिच्या रुंदीएवढी जागा लागते.

जाताना वर म्हणतो कसा, नळी फक्त खर्जासाठी असते, बाईमाणसाचा आवाज तिथवर उतरतच नाही, उगाच जीव काढू नकोस. त्यानं इंगेलिसेला गाताना ऐकलेलं नाही.

मीही नाही, बऱ्याच वर्षांत. म्हणून तर हा खटाटोप.

७ एप्रिल, रविवार
इंगेलिसेचा फोन! म्हणाली, घटस्फोटाचा अर्ज तुझ्या कॉम्प्युटरवर आलाय, तेवढा बटण दाबून मान्य कर. म्हटलं, नळीची लांबी ठरली की करतो. मग तिला सांगितलं की मी रोज तिचा आवाज ऐकतो. तिसरं गाणं, खालची पट्टी, जरासा घोगरा. "तिसरं?" तिनं दोनदा विचारलं. भारावली असणार.

चौदा मेचं विचारलं, तर म्हणाली, मी येणार नाही. म्हणजे तेरालाच येणार. केस सेट करायला वेळ लागतो तिला.

२१ एप्रिल
दुसरी पेटी. आतून मोजली, तीनदा. नळीला आत कोपऱ्यावर वळण दिलं, आता तिच्या तोंडापुढे ऐसपैस जागा आहे. मागची फळी स्क्रूंनी लावली. भित्रेपणाचा प्रश्न नाही, अनुभवाचा आहे.

५ मे
नळी जरा लांबच ठेवली होती, ती पाव-पाव सेंटीमीटर कापत आणली. आज दुपारी जमलं. काय स्वच्छ आवाज! तिसऱ्या गाण्यात ती अगदी माझ्या समोर उभी होती. मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. मग रडू आलं. खर्जाचा छातीवर असा परिणाम होतो.

१० मे
बेन्ट-ओव्हेकडे जाऊन आलो. आमच्याकडे लग्नाला पंचवीस वर्षं झाली की आदल्या संध्याकाळी शेजारी दाराला हिरव्या फांद्यांची कमान बांधतात आणि सकाळी गाणं म्हणून जोडप्याला उठवतात. अजून कुणाची हालचाल दिसेना, म्हणून आठवण केली. तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. "कमान मागून घ्यायची नसते रे," म्हणाला. शेवटी बरं म्हणाला.

१३ मे
कमान झकास झाली. इंगेलिसे आली नाही. रस्त्यावर गर्दी असेल.

१४ मे, सकाळ
साडेसहाला अकरा शेजारी दारात, एक ट्रम्पेट. सगळे गायले. मी सुटात बाहेर आलो. इंगेलिसे आंघोळीला गेलीय, असं सांगितलं. कुणी काही विचारलं नाही. पाव खाल्ले, कडू दारूचा एकेक घोट घेतला, हळू आवाजात हवेबद्दल बोलले. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत नव्हता आणि ते सगळ्यांना ऐकू येत होतं. बेन्ट-ओव्हेनं जाताना माझा हात नुसता धरून ठेवला.

१४ मे, दुपार
ती आली. बेन्ट-ओव्हेनं फोन केला होता. कमान टाळून मागच्या दारानं आली. मी तिला खुर्चीत बसवलं, सीडी लावली. तिसऱ्या गाण्याला म्हटलं, ही बघ, तू!

ती गाणं संपेपर्यंत ऐकत राहिली. पेटी खरंच सुरेख झालीय, म्हणाली. मग म्हणाली, "ही मी नाही, टोर्किल. मला गाणं सोडून दोन वर्षं झाली. हा बहुतेक गायकवृंदातल्या डोर्थेचा आवाज आहे."

मी विचारलं, मग दर गुरुवारी तालमीला कुठं जायचीस? खाडीच्या काठी, म्हणाली. गाडीत बसून राहायची, थंडीत हीटर लावून. दोन तास झाले की घरी. तालीम कशी झाली, एवढं एकदा जरी विचारलं असतंस, तरी त्याच दिवशी सगळं सांगून टाकलं असतं.

मी आठवून पाहिलं. नव्हतं विचारलं.

मग कॉम्प्युटर लावला. अर्ज मला नीट वाचता येईना, तेव्हा तिनं खुर्ची जवळ ओढली आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं.