जाळ्यांचं कुंपण

मालवण,
४ मे १९६४

चि. दत्ताराम यास यमुनाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

जाळी सुकतत थंय गवताची काडी दिसाक नको, असं म्हणत आई रोज पहाटे घरासमोरचं पटांगण झाडायची, आठवतं? आता तिथं आबांशिवाय कुणाचंच जाळं सुकत नाही. वाडीतल्या भिकाजीसकट बाकी सगळ्यांनी नायलॉनची जाळी घेतली. ती ओली राहिली तरी कुजत नाहीत. पण उघड्या पटांगणावरून वारा सुटला की अंथरुणात वाळू, पेजेत वाळू.

परवा शेजारच्या कृष्णाबाईने सगळ्यांना पडवीत बोलावलं. तिच्या सासूच्या लहानपणी त्या जागी केवड्याचं बन आणि उंडीची झाडं होती म्हणे. जाळ्यांना काटा लागतो म्हणून तोडली. आता झाडायचं नाही, उगवेल ते उगवू द्यायचं, केवडा आणि उंडी तेवढी आपण लावायची, असं ठरलं.

आपले आबा मात्र ऐकत नाहीत. त्यांच्या एकट्याचं जाळं अजून सुती, ते रोज पसरावं लागतं. आईची केरसुणी घेऊन जातात आणि उगवलेलं सगळं उपटून येतात. गो कृष्णे, रान व्हया तर धामापुराक जावन रव, असं तिला सुनावलं. तीही म्हणाली, काकानू, तुमचा जाळा आमच्या पेजेतली वाळू गाळता काय? सगळे हसले, आबा नाही. जेवताना मला म्हणाले, ही जागा गेली काय माझो दर्यो गेलो.

तू समजाव त्यांना. तुझ्या शब्दाला त्यांच्याकडे वजन असतं. आठवण ठेव, तेवढं पुरे.
तुझी ताई

मुंबई,
२० मे १९६४

ती. यमुनाताईस दत्तारामाचा शि. सा. न. वि. वि.

समुद्राच्या बाबतीत मी आबांना काय समजावणार? पहिल्याच दिवशी समुद्रातला किल्ला ओलांडायच्या आत मी होडीभर ओकलो, आणि माशांक बरा खाणा मिळाला म्हणून त्यांनी मला कायमचा किनाऱ्यावर उतरवला. आता गोदीत नोकरी करतो, पण बोटीवर चढत नाही. नायलॉनचं जाळं पाठवू का, असं मी विचारलं होतं. तुझ्या बायलेक झोपाळो कर तेचो, असं उत्तर आलं.

त्यांच्या जाळ्यापुरती एक पट्टी मोकळी सोडा. कृष्णाबाईला माझं नाव सांग. लहानपणी तिने मला भरपूर मारलंय, आता थोडं ऐकेल. आणि कुंपण घाला, नाहीतर आबांच्या आधी काशीबाईच्या शेळ्या सगळं खातील. घरोघरी जुनी सुती जाळी पडून असतीलच.

आबांना नमस्कार. तुझी माया अशीच राहू दे, ओरडण्यासकट.
तुझा दत्ताराम

मालवण,
१२ ऑक्टोबर १९६४

चि. दत्ताराम यास अ. आ.

पट्टी कृष्णाबाईने कबूल केली आणि जुन्या जाळ्यांचं कुंपणही झालं. पण जाळी फाटकी, त्यांतली भोकं तशीच होती. श्रावणात एक शेळी आत शिरली. आबा पडवीतून बघत होते. शेळीचं त्यांना काहीच नव्हतं, पण फाटकं जाळं चारचौघांत टांगलेलं बघवेना. विणायची सुई घेऊन गेले आणि भिकाजीच्या सात पिढ्या काढत त्याच्या जाळ्याचं भोक विणून आले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं. आता रोज संध्याकाळी तिथंच असतात, शेळ्यांवर ओरडतातही.

केवडा रुजलाय, उंडीला नवी पानं आलीत. पेजेत वाळू नाही. परवा आबांच्या पट्टीत मर्यादवेल सरकून आली, तिला जांभळी फुलं. आबा केरसुणी घेऊन जरा वेळ उभे राहिले आणि वेलीच्या कडेकडेने झाडून परतले. काकानू, वेल रवली, असं कृष्णाबाई ओरडली, तर म्हणाले, दिसाक नाय माका. लांबून जाळ्याची गाठ बघून ती कुणी मारली ते ओळखणारा हा माणूस!

काल ते आपणहून म्हणाले, माझा जाळाय लावा कुंपणाक. पण आधी शेवटचं एकदा ते त्यांना दर्यात न्यायचंय, आणि वल्ह्यावर दत्तारामच हवा. तो ओकेल, अशी मी आठवण करून दिली. म्हणाले, ओकांदे, माशांक खाणा.

समुद्राच्या बाजूला कुंपणात त्यांच्या जाळ्यापुरती जागा सगळ्यांनी रिकामी ठेवली आहे. दिवाळीत रजा नाही, असं तू लिहिशील. रजा मिळालीच तर पोटाचं कारण काढशील. लोभ आहेच, तो नकारानेही कमी होणार नाही. तरी विचारते, एक दिवस आबांच्या होडीत बसशील का?

तुझी ताई